पांगसाव खिंडीत एक मेणबत्ती

दरवर्षी २ नोव्हेंबरला आमचे थोरले काका दफनभूमीतील मोठ्या क्रुसापाशी एक मेणबत्ती लावीत. ती काकींसाठी असे. काकींची कबर गावात नव्हती. १९४१ च्या डिसेंबरात रंगूनवर बाँब पडू लागले, आणि पुढल्या वर्षी हजारो भारतीय कुटुंबे हुकाँगच्या अरण्यातून आसामकडे चालत निघाली. काका पोहोचले. काकी पांगसाव खिंडीच्या अलीकडे, ब्रह्मदेशाच्या बाजूस, पावसात आणि तापात गेल्या. याहून अधिक काका कधी बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता तेथे जाऊन आलो.

निर्वासितांच्या त्याच पायवाटेवर डिसेंबर १९४२ पासून अमेरिकनांनी लेडो रस्ता बांधला. जपान्यांनी चीनची रसद तोडली होती. ती पुन्हा जोडावयाची होती. लेडो ते कुनमिंग १,०७९ मैल. रस्त्यावर खपणाऱ्या सुमारे १५,००० अमेरिकन सैनिकांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. त्यांखेरीज हजारो भारतीय, ब्रह्मी व चिनी मजूर. अमेरिकनच अकराशेवर मेले. मजुरांची गणती कोण ठेवतो? पहिला काफिला ४ फेब्रुवारी १९४५ रोजी कुनमिंगला पोहोचला. काही महिन्यांतच युद्ध संपले. या रस्त्याला पुढे जनरल स्टिलवेल यांचे नाव मिळाले.

भारतातील तुकडा जेमतेम ६१ किलोमीटरचा. जयरामपूरजवळ युद्धकाळातील दफनभूमी आहे. ती १९९७ साली जंगलातून पुन्हा उजेडात आली. नामपाँगच्या पुढे चढ लागतो आणि धुके दाट होते. खिंडीपलीकडे जाण्याचा परवाना आम्हांला नव्हता. म्हणून सीमेवरच, त्या उताराकडे तोंड करून मेणबत्ती लावू लागलो. वाऱ्याने ती तीनदा विझली. तेव्हा आमच्या तांगसा वाहनचालकाने कोयत्याने बांबूचे एक पेर छाटून आणले व मेणबत्ती त्यात उभी केली. मग त्याने विचारले, “बाईंचे नाव काय?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. घरात सारे त्यांना काकीच म्हणत.

परतल्यावर आमच्या धर्मग्रामातील विवाहाची जुनी नोंदवही पाहावयास मिळाली. नाव सापडले. विवाह १९३७ चा. वधूचे वय १६. म्हणजे ज्यांना आम्ही आजवर वडीलधाऱ्या मानत आलो, त्या काकी खिंडीच्या वाटेवर गेल्या तेव्हा आमच्या नातीएवढ्या होत्या.