समारोप कोणी करायचा?

सरकारी नस्तीवर परस्परविरोधी टिपण्या नित्याच्या असतात. पण तेथे सहसा भांडण पेटत नाही. लिहिणाऱ्याची सही व पदनाम खाली असते आणि शेवटी निर्णय देणारा अधिकारी ठरलेला असतो.

युजनेटच्या वृत्तसमूहांची रचना याच्या नेमकी उलट. १९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ती कल्पना मांडली. एका संगणकावरील मजकूर शेजारच्या संगणकाकडे, तेथून पुढच्याकडे जाई. मध्यवर्ती कार्यालय नाही, मालक नाही. बहुतेक समूहांना नियामकही नाही. परदेशस्थ मराठी मंडळींचा ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा समूह याच जाळ्यावरचा.

समोरच्याचा चेहरा दिसत नसे. त्याची वाक्ये उद्धृत करून ओळीगणिक खंडन करण्याची सोय मात्र होती. त्यामुळे मूळ प्रश्न मागे पडे आणि शब्दांचा कीस निघे. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, जुने सभासद त्यांना रीतभात शिकवीत. १९९३ नंतर नवागतांचा ओघ वर्षभर वाहू लागला आणि शिकवणारे अपुरे पडले.

माझ्या मते खरे कारण माणसाच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेत आहे. बोलण्याचा अधिकार सर्वांना होता, समारोपाचे उत्तरदायित्व कोणालाच नव्हते. मग शेवटचा शब्द आपलाच असावा, असे प्रत्येकाला वाटणारच. घरापासून दूर असलेल्यांनी जमवलेली माणसे अशा वादांत दुरावतात, ही हानी मोठी. म्हणून चर्चेला आरंभ करणाऱ्यानेच ती कोठे थांबेल, हेही आधी सांगावे.