मागच्या दाराची काच

गाडी जुनी झाली की तिची दुखणीही माणसासारखीच होतात. एकदम काही बंद पडत नाही. आज हे कुरकुरतं, उद्या ते अडतं. आमची गाडी तेरा वर्षांची. तिच्या मागच्या डाव्या दाराची काच कधी बटण दाबताच खाली यायची, तर कधी हट्टाने तिथेच बसून राहायची. उन्हाळाभर एसी चालू, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

पावसाळा तोंडावर आला तशी मात्र माझी झोप उडाली. त्या दाराशी माझी सात वर्षांची लेक बसते. दाराला चाइल्ड लॉक, म्हणजे ते आतून उघडत नाही. आम्ही राहतो बडोद्यात. जोराचा पाऊस झाला की अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वे रुळांखालच्या रस्त्यावर, पाणी भरतं. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरात बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं दगावली होती. तो दिवस आठवला की ही बिघडलेली काच साधी गैरसोय वाटत नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवलं. त्यांनी दोनदा बटण दाबून पाहिलं आणि सांगितलं, "मोटर आणि मशीन दोन्ही बदला. साडेसात हजार."

घरी आल्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला, "दार उघडून बघितलं का त्यांनी?"

"नाही."

"मग कळलं कसं?"

माझे बाबा कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. आता बाहत्तर वर्षांचे आहेत. रविवारी सकाळी मल्टिमीटर घेऊन ते गाडीपाशी बसले आणि मी व लेक त्यांच्या हाताखाली.

बाबांची रीत सोपी होती. आधी विचारायचं, सगळ्या काचा बंद आहेत की एकच? सगळ्या बंद असतील तर फ्यूज, रिले किंवा ड्रायव्हरजवळचं मुख्य बटण तपासायचं. एकच बंद असेल तर दोष बहुधा त्या दाराच्या बटणात, वायरीत, मोटरीत किंवा काच वरखाली करणाऱ्या मशीनमध्ये. ड्रायव्हरजवळचं विंडो लॉक चुकून दाबलेलं नाही ना, हेही बघायचं.

मग ऐकायचं. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर मशीनची केबल किंवा दाते गेलेले. काच रडतखडत चढते, तर बाजूचं रबर कोरडं पडलंय किंवा त्यात धूळ बसलीय. काहीच आवाज नाही, तर मोटरपर्यंत वीज पोहोचते का ते पाहायचं.

आमच्या दाराचा आवाज येत नव्हता. ड्रायव्हरकडच्या बटणानेही काच हलेना, म्हणजे दोष फक्त दारावरच्या बटणाचा नव्हता. बाबांनी लेकीला बटण दाबून धरायला सांगितलं आणि स्वतः दार हळूहळू उघडत-मिटत राहिले. दार अर्धं उघडलं आणि काच सर्रकन खाली आली!

"सापडला चोर," बाबा म्हणाले.

दार आणि गाडी यांच्यामध्ये रबराची एक नळी असते. वायरी तिच्यातून जातात. दार उघडताना दर वेळी त्या वाकतात. वर्षानुवर्षं वाकून आतलं तांबं तुटतं, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत दिसतं. मोटर ठणठणीत होती.

बाबांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. नळी मागे सरकवून नरम वायरीचा नवा तुकडा घातला. जोड वाकण्याच्या जागी येऊ दिले नाहीत. एक दाराच्या आत, दुसरा गाडीच्या आत. "वाकतं तिथे जोड दिला तर तो पुन्हा तुटणार," ते लेकीला सांगत होते. दाराच्या पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद त्यांनी नीट परत चिकटवला, कारण तो पावसाचं पाणी आत येऊ देत नाही. रबरावर सिलिकॉन स्प्रे मारला. तेल किंवा ग्रीस लावलं तर त्यावर धूळ चिकटते आणि रबरही खराब होतं. सगळा खर्च साडेतीनशे रुपये.

तुमच्या गाडीत मोटर किंवा मशीन काढायची वेळ आली, तर आधी काच वर करून चिकटपट्टीने पक्की करा, नाहीतर ती सुटून खाली पडते. आत हात असताना बटणाला कोणी हात लावू नये. दारात एअरबॅगचे सेन्सर किंवा वायरी असतील, तर ते काम जाणकाराकडेच द्या.

आणखी एक. गाडी पाण्यात अडकलीच, तर वाट बघू नका. वीज चालू आहे तोवर लगेच काचा खाली घ्या. पाणी चढलं की त्याच्या दाबाने दार उघडणं अवघड होतं. लेकीला आम्ही हे शिकवलंय. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती चारही काचा वरखाली करून बघते आणि आजोबांना हजेरी देते, "चारही हजर!"