आधीच्या कुणी पेरलेलं

कार्तिकात मी सिंधुदुर्गातल्या एका सेंद्रिय बागेत जाऊन राहिले. सकाळचे चार-पाच तास बागेत राबायचं. त्या बदल्यात चहा-न्याहारी, दोन वेळचं जेवण आणि मांगरात, म्हणजे शेतघरात, पथारी. पैशांचं नाव नाही. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरी असलेल्या सू कॉपर्डला शहरात राहून शेताची ओढ लागली. तिनं ससेक्समधल्या इमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवारी कामाला जायचं जमवलं, आणि त्यातून अशाच देवघेवीची, पुढे जगभर पसरलेली ‘वूफ’ चळवळ उभी राहिली. आपल्याकडे इर्जिक होतीच. शेजारपाजारचे आपापली औतं घेऊन एकाच्या रानात उतरायचे, दिवसात नांगरट उरकायची आणि त्याच्या घरी पोटभर जेवून परतायचे. पैसा मधून गेला की काम किती मोकळं होतं, हे मला इथं कळलं. तास कोणी मोजत नाही, आणि हात मात्र आपसूक चालत राहतात.

कोकणातली तांबडी माती पावसानं धुऊन निघालेली असते. उघडी राहिली तर चार उन्हांत विटेसारखी होते. म्हणून भाताचा पेंढा, आंब्या-फणसाचा पाला, उपटलेलं तण, सगळं वाफ्यांवर अंथरायचं. एका दुपारी मी वांग्याच्या बुंध्याजवळचं आच्छादन बाजूला केलं. वरचा पाला करकरीत, त्याखालचा मऊ, अर्धा कुजलेला. त्याच्याही खाली पानाच्या नुसत्या शिरा उरलेल्या, त्यांच्यातून गेलेले बुरशीचे पांढरे धागे, आणि मग गांडुळांनी टाकलेली रवाळ, काळसर माती. बोट घातलं तर गार. बाहेर ऊन मी म्हणत होतं. चार बोटं खोलीत पान माती होत होतं, आणि मी कितीतरी वेळ उकिडवी बसून ते पाहत राहिले. मग सगळं होतं तसं झाकून ठेवलं.

जीवामृत ढवळायचं काम माझ्याकडे होतं. २०० लिटर पाण्याचं पिंप. त्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं. झाडाला थेट भरवण्यापेक्षा मातीतल्या जिवाणूंना पोसायचं, ही दृष्टीच मला फार मोठी वाटते.

लाल माठ पेरायला मात्र बागेच्या मालकीणबाईंनी, काकूंनी, मला शेजारी बसवून घेतलं. बी इतकं बारीक की चिमटीतून ढीगच पडतो. त्यांनी ते चुलीतल्या राखेत कालवलं. राखेमुळे बी विरळ पडतं आणि मुंग्याही लवकर फिरकत नाहीत. त्यांचा हात वाफ्यावरून असा फिरला की राखेची एकसारखी करडी साय धरली. मागोमाग माझा वाफा. वरून झारीनं हलकं पाणी.

“जेवक चल गो,” त्या म्हणाल्या. पानात कुळथाची पिठी, भात आणि लाल माठाचीच भाजी होती. मी येण्याच्या महिनाभर आधी इथं राबून गेलेल्या एका मुलानं पेरलेला. तो कुठला, कसा, मला ठाऊक नाही. त्याच्या श्रमाचं मात्र मी रोज जेवत होते. कामाच्या बदल्यात जेवण म्हणतात, पण खरी देवघेव काकूंशी नव्हतीच. मी त्या मुलाची देणेकरी होते, आणि ते देणं फेडायचं ते माझ्यानंतर येणाऱ्या कुणाला तरी.

एका वाफ्याच्या कडेला माठाचं एक रोप कमरेइतकं वाढलं होतं. रसरशीत, जाड दांड्याचं. त्याला फडक्याची चिंधी बांधलेली. मी खुडायला वाकले तशा काकू लांबूनच म्हणाल्या, “ता रवांदे, बियाक होया.”

बागेतलं सगळ्यांत चांगलं रोप कोणीच खायचं नसतं. निघायच्या दिवशी मी वालाच्या आळ्यात बी टोचलं आणि वेलाला चढायला काठ्या रोवल्या. तो वाल धरेल तेव्हा मांगरात दुसरंच कुणी असेल. शेंगा कोवळ्या असतानाच तोडा, एवढं त्यांना सांगायला मी काकूंना बजावून आले.