पाऊणपटीचा हिशोब

कयाकमध्ये बसून गळ टाकणाऱ्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न जागेचा असतो. मासा कुठे लागतो? वाशिष्ठीच्या बाबतीत तर लोकांना अगदी बोट ठेवून दाखवायला हवे असते: गोवळकोटच्या खाली की दाभोळच्या अलीकडे, तिवरांच्या कडेला की मधल्या खोल पाण्यात. मला हा प्रश्नच फसवा वाटतो. भरती-ओहोटीच्या नदीत मासा जागेला बांधलेला नसतो, वेळेला बांधलेला असतो. ज्या ओहोळाच्या तोंडाशी सकाळी सातला जिताडा टपून बसलेला असतो, तिथेच नऊच्या पुढे उघड्या चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात. दुसऱ्या दिवशी हाच खेळ पाऊण-एक तास उशिरा. म्हणून या छंदातले खरे कसब काठीत, रिळात किंवा खोट्या माशाच्या रंगात नाही. ते पाण्याचे घड्याळ वाचण्यात आहे. आणि ते वाचायला शिकवणारा कयाकइतका कडक मास्तर दुसरा नाही.

हे घड्याळ कोकणात कुणाला नवे नाही. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ हाती येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला बाराच्या आसपास. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे रोज साधारण ५० मिनिटांचा उशीर; पाऊण तास हा त्याचाच तोंडी हिशोबाला सोपा केलेला आकडा. पण या गुणाकाराच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे गळवाल्यांचे फारसे लक्ष जात नाही. उधाण येते ते अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, आणि त्या दिवसांत भरती पूर्ण होते दुपारी आणि मध्यरात्री. म्हणजे उधाणाच्या दिवशी उजाडताना पाणी तळाला गेलेले असते. उलट अष्टमीला उजाडताना पाणी चढलेले असते खरे, पण तो भांग. चढउतार थोडा, ओढ सुस्त. थोडक्यात, आपल्या किनाऱ्यावर सकाळी सुरू होणाऱ्या ओहोटीला उधाणाचा जोर कधी मिळतच नाही. एकाला धरावे तर दुसरे सुटते. मग मधला सौदा करावा लागतो, तो पंचमी-षष्ठीचा. मुखाशी पावणेचार-साडेचारला भरती पूर्ण, नदीत वर जावे तसा तिला आणखी उशीर, आणि दिसू लागेपर्यंत ओढ लागलेली. उधाणाचा थोडा दम अजून शिल्लक असतो. सुट्टी रविवारी आहे म्हणून रविवारी जाणाऱ्याला यातले काही मिळण्याची हमी नाही, आणि बहुतेक गळवाले रविवारीच जातात.

ओहोटीचीच एवढी काळजी का, याचे उत्तर कांदळवनात आहे. भरतीला पाणी तिवरांच्या मुळ्यांत शिरते आणि त्याबरोबर कोळंबी, बोयटांची पिल्ले, बारीक खेकडे आत चरायला जातात. तिथे त्यांना अभय असते, कारण मुळ्यांच्या त्या जाळीत मोठ्या माशाला वळायलाही जागा नसते. पाणी उतरू लागले की हे सगळे खाजणातून बाहेर पडणारच, आणि बाहेर पडायच्या वाटा मोजक्या: चिखलात पडलेल्या घळी, छोटे ओहोळ. जिताडा आणि तांबोशी या वाटांच्या तोंडाशी येऊन थांबतात. पण पाणी सहा तास सारख्या वेगाने उतरत नाही. खलाशांचा जुना ठोकताळा असा की एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी जाते. त्या जोराच्या वेळी मासा धारेत उभा राहत नाही, खडकाच्या किंवा वळणाच्या आडोशाला सरकतो. धार ओसरू लागली आणि खाजण अजून पुरते रिकामे झाले नाही, असा जो अर्ध्या-पाऊण तासाचा सांधा असतो, तो खरा. प्रत्येक ओहोळाचा सांधा वेगळा, कारण प्रत्येकाचा तळ वेगळ्या उंचीवर. हे एकदा ध्यानात आले की सकाळ म्हणजे जागांची यादी राहत नाही, वेळापत्रक होते.

यावर चिपळूणकडचा जाणकार लगेच हरकत घेईल की वाशिष्ठीत तुमची पाऊणपट चुकते. चुकते, हे मान्य. या नदीला चंद्राशिवाय आणखी एक धनी आहे. कोयनेचे पाणी सह्याद्री पोखरून पश्चिमेला आणले, त्यावर वीज केली आणि उरलेले अवजल वाशिष्ठीत सोडले. वर्षाकाठी सुमारे ६७ टीएमसी. कोकणातल्या बाकीच्या बहुतेक नद्या मार्चपर्यंत वरच्या अंगाला आटतात, ही मात्र उन्हाळ्यातही वाहते. कोयनेची वीज मुख्यतः मागणी चढते त्या वेळी लागते, म्हणून वरून येणारे पाणीही सारखे नसते. गोडे पाणी हलके, ते वरून सरकते. खारे जड, ते खालून आत शिरते. त्यामुळे कधी भरती लागलेली असूनही वरचा थर समुद्राकडेच चाललेला दिसतो, आणि नवखा माणूस अजून ओहोटीच आहे असे समजून बसतो. पण याने हिशोब खोटा ठरत नाही, त्यात एक रक्कम वाढते. तळाशी सोडलेल्या शिशाची दोरी एकीकडे ताणते आणि पृष्ठावरचे पान दुसरीकडे जाते, हे ज्याने पाहिले त्याला दोन्ही घड्याळे एकदम वाचता येतात.

खरी वजनदार हरकत वेगळी आहे. इंजिनाची होडी घ्या, तळ दाखवणारे यंत्र लावा, सकाळभरात वीस ठिकाणे पालथी घाला. कशाला हवी वेळेची आराधना? मासे जास्त मिळवणे एवढाच हेतू असेल तर या हरकतीला माझ्याकडे उत्तर नाही. पण यंत्र दाखवते ते या क्षणाचे, होडीच्या बुडाखालचे. तासाभराने तिथे काय असेल हे त्याला ठाऊक नसते, आणि इंजिनवाल्याला ते ठाऊक असण्याची गरजही नसते, कारण त्याची चूक पेट्रोलने भरून निघते. कयाकवाल्याची चूक खांद्याने भरावी लागते. साधारण माणूस तासाला चार-पाच किलोमीटर वल्हवतो, आणि नदी अरुंद होते तिथे जोरातली ओहोटी त्यातले बरेचसे खाऊन टाकते. म्हणून ओहोटीबरोबर खाली जायचे आणि भरतीबरोबर परतायचे, याला पर्याय उरत नाही. ही दुबळेपणाची सक्तीच गळवाल्याला पाण्याच्या वेळेत बसवते. माशाचाही नाइलाज तोच असतो.

यात नवे काहीच नाही, हे तर दाभोळ खाडीतला कोणताही भोई सांगेल, असेही म्हणता येईल, आणि ते खरेच आहे. डोलीचे जाळे प्रवाहाच्या तोंडाला बांधून ठेवायचे असते. ओढ थांबली की ते लुळे पडते. ज्यांची चूल पाण्याच्या ओढीवर पेटते त्यांना वेळ शिकवायला कयाक लागला नाही. कयाक लागतो तो आपल्यासारख्यांना, ज्यांचे घड्याळ मनगटावर आहे. आणि म्हणूनच एखादा मोठा जिताडा लागला तर तो सोडून देणे मला हिशोबाला धरून वाटते. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो; मोठी ती बहुधा अंडी देणारी. पोटासाठी धरणाऱ्याने काय करावे हे सांगण्याचा अधिकार हौशी माणसाला नाही, स्वतःपुरते ठरवण्याचा आहे.

मगरींचे काय, हा प्रश्न वाशिष्ठीवर टाळता येत नाही. हिवाळ्यात पाणी उतरले की त्या उघड्या पडलेल्या काठांवर ऊन खायला येतात. म्हणजे मासे गोळा करणारी ओहोटीच त्यांनाही बाहेर काढते. कयाक पाण्याच्या फार जवळ बसतो, तेव्हा अशा काठापासून लांब राहावे, चांगला ओहोळ त्याच काठाला असला तरी तो सोडून द्यावा, आणि त्यांच्या अंडी घालण्याच्या उन्हाळी महिन्यांत त्या टापूत जाऊच नये. वेळापत्रकात त्यांचीही वेळ धरायची.

षष्ठीच्या सकाळी ओहोटी संपत आली की नांगरलेल्या कयाकची नाळ आधी डळमळते. दोरी सैल पडते, फेसाचे पुंजके जागच्या जागी फिरू लागतात, कुठे बोय उसळतो. मग नाळ हळूहळू समुद्राकडे वळते. तेव्हा दोरी गुंडाळायची, काठी आडवी ठेवायची आणि वल्हे हातात घ्यायचे.