चौक आणि लग्नगडी

खर्डी, शनिवार

ती. आईस,
सा. न.

शहापूर मागे पडलं की डोंगर महामार्गाला बिलगतात. मुक्काम खर्डीतच केला आणि सकाळी मुलांना घेऊन जवळच्या एका वारली पाड्यावर गेलो. कारवीच्या कुडाची, शेणामातीनं सारवलेली भिंत, तिच्यावर गेरू आणि गेरूवर तांदळाच्या पिठानं काढलेला लग्नाचा चौक. लग्न उन्हाळ्यात झालेलं, त्यामुळे पीठ जागोजागी झडलंय. मधली पालघट देवी मात्र ठळक आहे. घरातल्या आजींनी काडीचं टोक चावून कुंचला कसा करतात ते दाखवलं, तेव्हा धाकटा जागचा हलेना.

चौक काढायचा सवासिनींनी, आणि गाणी म्हणून देवांना बोलवायचं धवलेरीनं. लग्नात पुरोहिताचा मान तिचा, म्हणजे बाईचाच. चौकाशिवाय लग्न लागत नाही. साड्यांवर, कपांवर आपण पाहतो ती वारली चित्रं फार पुढची. १९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर, कापडावर जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तुझी,
माई


टिटवाळा, सोमवार

ती. आईस,
सा. न.

परतताना महागणपतीचं दर्शन झालं, पण माझी ओढ गोदावरी परुळेकरांच्या टिटवाळ्याची होती. जानेवारी १९४५ मध्ये इथं त्यांच्या किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे वारलीही आले होते आणि त्याच वर्षी ते वेठीविरुद्ध उठले. त्या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

त्यातले लग्नगडी आठवतात ना? लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि त्यापायी नवराबायकोनं जन्मभर त्याच्याकडे राबायचं. शनिवारचा चौक मला आता त्या माहितीसकट दिसतो. भिंतीवर देवी उमटत होती तेव्हा नवरदेवाचं आयुष्य गहाण पडलेलं असायचं. तरी बायकांनी चौक काढणं सोडलं नाही, धवलेरीनं गाणं सोडलं नाही. माझ्या लेखी या कलेचा खरा मोठेपणा तिथं आहे. नुसतं चित्र पाहिलं तर हे कळत नाही, आणि नुसतं पुस्तक वाचलं तर त्या माणसांचा आनंद निसटतो.

वाचनालयातून ते पुस्तक आणून ठेवशील? थोरली आता ते समजण्याएवढी झाली आहे. तिच्यासोबत तूही पुन्हा वाच.

तुझी,
माई