दोन रात्री समुद्राकाठी

उन्हाळ्यात कुठं जायचं म्हटलं की महाबळेश्वर-माथेरानची नावं निघतात आणि हॉटेलचे दर ऐकले की बेत तिथंच राहतो. आज तुम्हांला एक वेगळी सहल सुचवणार आहे. समुद्राकाठी तंबूत राहण्याची. आमच्यासारख्या, शिफ्टच्या नोकरीवर चालणाऱ्या घराला ती परवडली आणि मानवलीही.

आम्ही शेंद्र्याचे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडं निघालं की लागणारी ही औद्योगिक वसाहत. जुन्या माणसांना शेंद्रा ठाऊक आहे ते चैत्रातल्या मांगीरबाबांच्या यात्रेमुळं, नव्यांना कारखान्यांमुळं. हे त्यातल्याच एका कारखान्यात आहेत. एक आठवडा सकाळची शिफ्ट, एक दुपारची, एक रात्रीची. मी एका शाळेत रोज तीन तास भूगोल आणि मराठी शिकवते, बाकी घर.

मे महिन्यातलं आमचं घर म्हणजे पाण्याचा जमाखर्च. पारा चाळिशी ओलांडतो. कूलर दिवसाला चार-पाच बादल्या पितो. नळाला पाणी येतं ते दिवसाआडही नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी टाकी, पिंप, हंडे, माठ, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा. यांची रात्रपाळी असली की मी पाणी भरते तेव्हा हे झोपलेले, आणि मी टेकते तेव्हा हे डबा घेऊन निघालेले. बोलणं होतं ते उंबऱ्यात. “टँकरवाल्याला फोन केला का?” “गॅस लावला का?” तुमच्याकडंही थोड्याफार फरकानं हेच असणार!

लेक सुट्टीला आजोळी, परतूरला गेली होती. यांना रविवारला जोडून दोन दिवस रजा मिळाली. तेवढ्यात यांच्या मित्रानं रेवदंड्याच्या तंबूंचं सांगितलं. जेवणासकट माणशी बाराशे रुपये रोज. सासूबाई म्हणाल्या, “तंबूत झोपायला घर काय पडलंय का?” पण धपाट्यांचं पीठ त्यांनीच मळून दिलं. धपाटे नि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस सहज टिकतात. प्रवासात बाहेरचं खावं लागत नाही आणि पैसेही वाचतात.

शेंद्र्याहून रेवदंडा चारशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीच्या गाडीनं नगरमार्गे पहाटे पुणं, स्वारगेटहून एस.टी.नं अलिबाग, आणि तिथून चौलवरून रेवदंडा. अंतर ऐकून दचकू नका. आपल्या पैठणची वाट फार जुन्या काळापासून या किनाऱ्याला जोडलेली आहे. सातवाहनांच्या वेळी घाटावरचा माल नाणेघाट उतरून कल्याण, सोपारा, चौल या बंदरांकडं जायचा. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी याच चौलला उतरला. त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. गाव वसलंय ते पोर्तुगीजांच्या कोटातच. १७४० साली हा कोट मराठ्यांकडं आला. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून अजून तटबंदी डोकावते.

आणि मग समुद्र! आमच्याकडं मोठं पाणी म्हणजे १९७६ साली पुरं झालेल्या जायकवाडीचा नाथसागर. त्याला निदान पलीकडचा काठ आहे, असं वाटतं तरी. इथं काठच नाही. वाळू काळसर, मागं सुरूचं बन, त्यात ओळीनं तंबू. आत दोन गाद्या, एक दिवा, बस्स. खारे वारे का वाहतात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवते. जमीन लवकर तापते, पाणी उशिरा, म्हणून दुपारी वारा समुद्राकडून येतो. दुपारी तंबूबाहेर बसले आणि तो वारा तोंडावर आला, तेव्हा पदर सावरता सावरता हसू आलं. मात्र रात्री वारा पडतो आणि आत दमट होतं. दोन्हीकडची दारं उघडी ठेवून जाळी लावावी. सुती कपडेच न्यावेत.

तंबूवाल्याच्या आईनं भरतीचा हिशेब शिकवला. तिथीला तीननं गुणायचं आणि चारानं भागायचं. षष्ठी असेल तर साडेचार, सप्तमीला सव्वापाच. त्या सुमारास पहाटे आणि दुपारनंतर भरती. हा अंदाज झाला; पाण्यात उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारावंच. ओहोटी लागली की पाणी पाय ओढतं, म्हणून तेव्हा आत जायचं नाही. कुंडलिकेच्या खाडीच्या मुखाशी तर मुळीच नाही.

पहिल्या रात्री जेवायला तांदळाची भाकरी, यांना मासळी, मला वांग्याची भाजी नि सोलकढी. मी वाढायला उठले, तर त्या माउलीनं हात धरून बसवलं. कुणीतरी वाढतंय नि मी जेवतेय, असं लग्नानंतर माहेराबाहेर घडल्याचं आठवत नाही.

नंतर आम्ही वाळूत बसलो. उंबरा नव्हता, घड्याळाची घाई नव्हती. मनात वर्षभर असलेलं मी बोलून टाकलं. “मला बी.एड. करायचंय. दोन वर्षं लागतील, पण पूर्णवेळ नोकरीची आशा तरी राहील.” हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “कर की. पण पाणी कोण भरणार?”

राग आला हो! मग जाणवलं, की प्रश्न खराच आहे. फीपेक्षा, अभ्यासापेक्षा आमच्या घरात पहिली अडचण तीच. मी म्हटलं, “ते तुम्हीच सांगा.” उत्तर मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्रात मनसोक्त डुंबलो. खारं पाणी अंगावर वाळलं की खाज सुटते. गोड्या पाण्यानं अंघोळ हवीच. समोर एवढा समुद्र, पण अंघोळीचं पाणी वाडीतल्या विहिरीचं, माणशी एक बादली. ती विहिरीपासून तंबूंमागच्या न्हाणीपर्यंत वाळूतून आणायची. हे गेले. एक बादली आणली, दुसरीला अर्ध्या वाटेवर थांबले, हात बदलला. “तू रोज किती उचलतेस गं?” मी मोजून सांगितलं, “पाणी येतं त्या दिवशी चाळीस.” हे काही बोलले नाहीत. माझी बादली मात्र न्हाणीच्या दारापर्यंत आणून ठेवली.

परत आल्यावर सगळं बदललं, असं मी म्हणणार नाही. शिफ्ट तीच, नळ तोच. पण कूलरचं पाणी आता यांच्याकडं आहे, रात्रपाळीहून आल्यावरसुद्धा. पाणी सकाळी आलं आणि हे घरी असले, तर पिंपही तेच भरतात. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेची पुस्तकं आणली आहेत. फीचं कसं जमवायचं, ते अजून ठरायचंय.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्याआधी जा, सोबत विजेरी आणि ओडोमॉस न्या, रेल्वेची वाट न पाहता एस.टी. धरा. आणि एक करा. जे घरी बोलायला सवड होत नाही, ते मनात नीट जुळवून न्या. तिकडं सवड मिळते.