रामाळ्याचं हिरवं पाणी

चंद्रपूरच्या रामाळा तलावाचं पाणी हिरवं दिसलं की आपण म्हणतो, शेवाळ झालं. पण मंडळी, शेवाळा-शेवाळात फरक असते. डायटम हे सूक्ष्म शेवाळ म्हणजे जलजीवांचं खाद्य. त्याच्या काचेसारख्या कवचाला सिलिका लागते, ती दगड-मातीतून येते. सांडपाणी मात्र नायट्रोजन-फॉस्फरस ओतत राहतं. सिलिका अपुरी पडली की डायटम मागे पडतं, नीलहरित शेवाळ माजतं. त्याच्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात.

२०२१ मध्ये इको-प्रोच्या बंडू धोत्रेंनी याच तलावासाठी उपोषण केलं होतं. इकॉर्निया काढल्याचे फोटो माझ्याकडे येतात, मी छापतोही. पण वनस्पती काढली, सांडपाणी तसंच ठेवलं, तर ते खत नि मोकळं झालेलं ऊन शेवाळालाच मिळणार ना? नाल्याचं काय केलं, ते सांगा. ती बातमी पहिल्या पानावर घेऊ.